आरसा तीनदा धुतला

माझ्या आरशावर एक ओरखडा आहे. लांबी अकरा मिलिमीटर, रुंदी केसाहून कमी. कडेपासून तीन बोटे आत तो सुरू होतो आणि मध्याकडे जाता जाता विरून जातो. त्याने माझे काहीही बिघडलेले नाही. वीस सेंटिमीटर व्यासाच्या आरशात एवढ्याशा रेघेमुळे प्रकाशाचा दहा हजारावा भागही वाया जात नाही. पण तो कसा पडला हे सांगितल्यावाचून माझी हकीकत पुरी होणार नाही, मित्रांनो.

मी म्हणजे घरी बनवलेली एक दुर्बीण. मला घडवणारे गृहस्थ वजनकाट्यांचे तपासनीस होते. प्रमाणित वजनांची पेटी घेऊन ते दुकानोदुकानी फिरत आणि काटा पाच ग्रॅमने जरी चुकला, तरी तो बंद करून टाकत. बाजारात त्यांचे नाव पडले होते तोळामासा. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की एखादा दुकानदार ओरडे, "आला रे तोळामासा! झाका आपापली पापं!" ते हसत आणि त्याच दुकानात पहिल्यांदा शिरत.

त्यांनी दोन जाड काचा एकमेकींवर ठेवून, मध्ये पाणी आणि घासायची पूड घालून, त्या पाच महिने घासल्या. कामावरून आले की बाह्या सरसावायच्या आणि काचा ठेवलेल्या पिंपाभोवती फिरत राहायचे.

"घरात नवरा आणलाय की घाण्याचा बैल, तेच कळेनासं झालंय," त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, म्हणत. पण पाण्याची बादली त्याच भरून ठेवत.

वरच्या काचेला हळूहळू खोलगट आकार आला, तिच्यावर ॲल्युमिनियमचा चकचकीत मुलामा चढला आणि जाड पुठ्ठ्याच्या नळीत मी उभी राहिले.

चंद्रावरचे खड्डे, शनीची कडी पाहून झाली. मग त्यांनी एका तांबूस ताऱ्याशी गाठ बांधली. तो रूपविकारी तारा होता, म्हणजे तेज कमीजास्त होणारा. अकरा महिन्यांत तो उजळतो आणि पुन्हा मंदावत जातो. त्याची तुलना शेजारच्या ठरावीक ताऱ्यांशी करायची आणि त्याच्या तेजाची प्रत सांगायची. अंक जितका मोठा, तितका तारा मंद. तपासनीस अंक उच्चारत. बाई शेजारी स्टुलावर बसून तांबड्या कागदात गुंडाळलेल्या बॅटरीच्या उजेडात तो वहीत लिहीत. वहीकडे त्यांनी स्वतः पाहिले असते, तर अंधाराला सरावलेला डोळा दिपला असता. महिनाअखेर नोंदी निरीक्षकांच्या मंडळाकडे जात. तिथे देशोदेशीच्या नोंदी एकत्र करून ताऱ्याचा आलेख काढत. पंचविसाव्या वर्षी मंडळाने कळवले होते की यांच्या नोंदी आम्ही डोळे मिटून घेतो. त्या दिवशी त्यांनी माझी नळी ओल्या फडक्याने पुसली. माझे कौतुक ते एवढेच, पण मला ते पुरले.

पुढे निवृत्ती आली. आणि एके दिवशी ते म्हणाले, "आरसा खराब झालाय. सगळं धुरकट दिसतंय."

आरसा खराब झाला नव्हता. खराब होत होता त्यांचा उजवा डोळा.

हे त्यांना कसे कळले नाही, ते नीट ऐका. ते माझ्यातून नेहमी उजव्याच डोळ्याने पाहत. मंद तारा पाहायचा तर त्याच्यावर नजर रोखायची नसते. ती किंचित बाजूला ठेवली की तारा दिसतो. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की दृष्टीच्या मधोमध डाग पडला तरी त्यांना चुकल्यासारखे वाटले नाही. दिवसा डावा डोळा दोघांचे काम करी. तो डाग बाजूला पसरू लागला, तेव्हा त्यांनी मला धुवायला काढले.

पहिल्यांदा अगदी रीतीने धुतले. साबणाचे पाणी, आणि कापूस न दाबता नुसता ओढायचा. दुसऱ्यांदा जरा घाईने. तिसऱ्यांदा त्यांनी कापसावर अंगठा दाबला. खाली वाळूचा एक कण होता. तोच हा ओरखडा.

तरीही धुरकटच. मग मला कारखान्यात पाठवले. माझा चांगला मुलामा रसायनात विरघळवून नवा चढवला. परत आल्यावर त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "फसवलं यांनीसुद्धा."

त्याच वर्षी ताऱ्याने चाल बदलली. उजळायच्या दिवसांत तो मंदच राहिला. माझ्या आरशावर दहाव्या प्रतीचा प्रकाश पडत होता आणि त्यांच्या तोंडून साडेआठ निघत होते. दर फेरीत या टप्प्यावर जेवढे असते, तेवढे. मला जीभ नाही.

मंडळाचे पत्र आले. तुमच्या नोंदी इतर सहा निरीक्षकांपेक्षा दीड प्रतीने वेगळ्या आहेत. दुर्बीण तपासावी आणि कळवावे. त्यांनी पत्र टेबलाच्या खणात टाकले.

"उत्तर काय लिहू?" बाईंनी विचारले.

"बघू."

एका संध्याकाळी ते माझ्यापाशी बसले असताना आकाशात ढग आला. बाईंनी मान वर केली, तर त्या बाजूला एकही तारा उरला नव्हता.

"आठ पॉइंट सहा," तपासनीस म्हणाले.

पेन्सिल थांबली.

"लिहिलंस का गं?"

"लिहिलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरेच लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीच्या कोपऱ्यात उभी होते. बाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. "डावा डोळा झाका बरं. घड्याळात किती वाजले, सांगा."

"हा काय पोरखेळ?"

"झाका म्हणते ना."

त्यांनी झाकला. भिंतीकडे पाहिले, मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग हळू आवाजात विचारले, "घड्याळ हलवलंस का?"

घड्याळ जागच्या जागी होते.

डॉक्टरांनी सांगितले की दोन वर्षे आधी आला असतात, तर इंजेक्शनांनी बरीच नजर वाचवता आली असती. आता उजवा गेलाच. डाव्यातही सुरुवात आहे. वेळेवर इंजेक्शने घेत राहिलात, तर टिकेल. ती दोन वर्षे, मित्रांनो, मला धुण्यात गेली.

माझ्यावर चादर पडली. पत्र खणात तसेच राहिले. बाई दर महिन्याला विचारत आणि दर महिन्याला तेच उत्तर येई, "बघू." अशी चौदा महिने चालढकल झाली. तोवर मंडळाच्या आलेखात आमचे खोटे ठिपके इतरांच्या खऱ्या ठिपक्यांत मिसळून बसले होते.

माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूने शेवटी सांगायचे असते की आमची निगा राखा, धूळ झटका. मी तसे सांगणार नाही. मी एवढेच मागते, की दुर्बिणीतून धूसर दिसले तर कापसाला हात घालण्याआधी एक डोळा झाका आणि समोरच्या भिंतीकडे पाहा. मग दुसरा झाका. काच धीराची असते. ती उद्याही धुता येते.

काल दुपारी बाई वही, कागद आणि ते पत्र घेऊन त्यांच्यासमोर बसल्या.

"त्या ढगाच्या दिवशी," त्या म्हणाल्या, "वर एक तारा नव्हता. तुम्ही आकडा सांगितलात आणि मी लिहिला. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. आता रोज वाटतं, वाण्याने मापात मारावं तसं केलं आपण. आणि आपला काटा बंद करणारं कुणी नाही."

"तीस वर्षांवर पाणी पडेल गं."

"शेवटच्या दोनच वर्षांवर पडेल. गप्प बसलात, तर मात्र तिसांवर."

ते उठून चाचपडत माझ्यापाशी आले. चादर काढली. तळहात माझ्या नळीवर टेकला.

"लिही," ते म्हणाले. "दुर्बीण तपासली, तिच्यात दोष नाही. माझा डोळा गेलाय. निरीक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांत मी न पाहता आकडे सांगितले. त्या सगळ्या नोंदी खोट्या आहेत, काढून टाका. यापुढे मी निरीक्षण करणार नाही."