एफुआ सगळ्यांना हसवायची

अबेनाने मला आधीच बजावलं होतं, "जुनी अमेरिकन कार्टून एफुआसमोर लावू नकोस." मी हो हो म्हटलं आणि विसरले. कार्टून इतकं बारकाईने कोण बघतं? माझ्या लेकीचं, शिवांगीचं दूध तीनदा बोट लावून तपासणारी मी, ती डीव्हीडी मात्र न बघताच लावली.

जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला अबेना आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. घानाची, इस्पितळात नर्स. तिची दुपारपाळी असली की पाच वर्षांची एफुआ आमच्याकडे. डीव्हीडी मी जुन्या बाजारातून उचललेली. त्यात कोळशासारखा काळा एक नोकर होता. ओठ टायरएवढे, पांढरे डोळे गरगर फिरणारे. भूत दिसलं की त्याचे गुडघे लटपटायचे, कलिंगड दिसलं की नाचायचा. शिवांगी खदखदून हसली आणि एफुआला म्हणाली, "ही तर तू."

एफुआ टीव्हीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने उठून तिने हुबेहूब तसे डोळे फिरवले. शिवांगीने टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

मग एफुआ रोज दारातच ते करून दाखवायची, खेळायला घ्यावं म्हणून. किंडरगार्टनमध्येही पोरं तिला करायला लावतात, असं शिवांगीने सांगितलं. मला वाटलं, चला, रुळली पोरगी.

शिवांगीच्या वाढदिवसाला माझ्या नवऱ्याच्या, श्रीपादच्या ऑफिसातली मंडळी जवळच्या गेर्लिंगेनहून आली. मीच म्हटलं, "एफुआ, ते दाखव ना सगळ्यांना." ती ओठ फुगवून, गुडघे वाकवून नाचली. पाहुण्यांतल्या कुंदाताईंनी पुन्हा करायला लावलं. अबेना लवकर सुटून आली होती. दारात कधीपासून उभी होती, कोण जाणे.

ती ओरडली नाही. लेकीचं तोंड तळव्याने पुसत राहिली, काही लागल्यासारखं. मग म्हणाली, "अमेरिकेत पूर्वी गोरे नट तोंडाला काळं फासून हेच करायचे, आमच्यावर हसायला. तू माझ्या मुलीकडूनच करून घेतलंस."

इथे फुटबॉलचा वर्ल्डकप झाला त्या वर्षी, मे महिन्यात, त्या दोघी ड्रेस्डेनला गेल्या. सामान उतरत होतं तेव्हा जिन्यात एफुआ दिसली. मला रडू आवरेना. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी हसावं म्हणून डोळे गरगर फिरवले.

ती आता सात वर्षांची असेल. ड्रेस्डेनला शिकायला असलेलं कुणी हे वाचत असेल, तर नर्स अबेनाचं घर शोधा. माझं नाव काढू नका. एफुआला एकदा बघून या. तिने हसवायला सुरुवात केली, तर तेवढं हसू नका. आणि अजून करते का, ते मला कळवा.