फुंकनळी चोंदलेली नव्हती

मित्रांनो, मी काचेच्या कारखान्यातली एक जुनी फुंकनळी आहे. दिसायला साधी, लोखंडी, पोकळ. पण माझा तोरा विचारू नका! माझ्या एका टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचे, की दिव्याचा गोल फुगलाच. लोहाराने मला घडवले आणि उस्तादांच्या हाती दिले. सगळा कारखाना त्यांना उस्तादच म्हणे. मोठे गोल फुंकावेत तर त्यांनीच! कौतुक त्यांचे होई, आणि त्यातले अर्धे मी मनातल्या मनात स्वतःकडे ठेवून घेई.

उस्तादांना सिगारेटचे व्यसन होते. खोकला वाढला तेव्हा त्यांनी तंबाखू न जाळता नुसती तापवणारे एक चकचकीत यंत्र घेतले.

"यात धूर नाही, नुसती वाफ," ते ज्याला त्याला सांगत. "दुकानदार म्हणाला, छातीला काही होत नाही. खोकला बघा कसा पळाला!"

खोकला खरेच कमी झाला होता. मग काय, पूर्वी बाहेर जाऊन ओढणारे उस्ताद आता कामाच्या जागीच दिवसभर ते यंत्र तोंडात धरू लागले.

पण त्यांचा श्वास माझ्या पोटातून जायचा. तो तोकडा पडतोय, हे मला सगळ्यांच्या आधी कळले. मोठे गोल अर्धवट फुगून बसू लागले.

"नळी चोंदलीये," उस्ताद एकदा भडकले. "टाका हिला भंगारात!"

इतकी वर्षे इमानाने राबले, आणि हे बक्षीस! मला फार लागले ते.

त्यांची लेक तिथेच गोलांच्या कडा घासायची. फुंकायला तिला त्यांनीच शिकवले होते, पण मोठा गोल कधी दिला नव्हता. तिने मला उचलले.

"बाबा, थांबा. मला एकदा बघू द्या."

तिने फुंकर घातली आणि गोल भरत गेला, टपोरा, सगळीकडून सारखा. मी अभिमानाने ताठ झाले, म्हणजे होतेच त्याहून ताठ!

"बाबा, नळी मोकळी आहे," ती हळूच म्हणाली.

उस्ताद खाली बसले. "मग माझीच छाती बिघडलीये," ते म्हणाले. "चल, डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांनी सांगितले, खोकला कमी झाला म्हणजे छाती सुधारली असे नाही; तापवलेल्या तंबाखूची वाफही छातीला बाधतेच. उस्तादांनी त्या यंत्रासकट तंबाखू सोडली. चिडचिड करत, मध्येच घसरत, पण सोडली. गेलेला दम सगळा परत आला नाही. आता मोठे गोल लेक फुंकते, लहान गोल ते फुंकतात, आणि दोघांनाही मीच लागते.

परवा एका कामगाराने लेकीपुढे तसलेच यंत्र धरले. "घे गं, याने काही होत नाही."

ती काही बोलायच्या आत उस्ताद सगळ्यांदेखत म्हणाले, "मीपण हेच सांगत फिरायचो. आता मोठा गोल फुंकता येत नाही मला."

मित्रांनो, त्यांच्या या बोलण्याचा मला जितका अभिमान वाटला, तितका त्यांच्या हातून घडलेल्या कुठल्याही गोलाचा वाटला नव्हता. तुमचा श्वास जपा, आणि तो ठीक आहे की नाही, हे कुठल्याही दुकानदाराला विचारू नका.