मी चालू नाही, मला बुजवा

खुर्चीवरच्या साहेबांनो, मी मेलेली असताना तुम्ही मला तीन वर्षं कागदावर जिवंत ठेवलंत.

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. पाण्याची नव्हे, गॅसची. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात सरकारी माळावर उभी आहे. मला खणलं तेव्हा कंपनीने सरकारकडे अनामत ठेवली होती. बोली सरळ होती. गॅस संपला की कंपनीने मला सिमेंटने बुजवायचं आणि माळावर पुन्हा गवत पेरायचं. कंपनी पळाली तर सरकारने अनामत जप्त करून तेच करायचं.

एकोणीस वर्षं मी गावोगावच्या चुली पेटवल्या. साहेब लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढून घेत. मग गॅस आटला आणि कंपनीने पोबारा केला.

माझ्या पोटातले पाइप गंजले. उरलासुरला गॅस जमिनीतून झिरपत मायतेबाईंच्या झऱ्यात शिरला. मायते इरिबार्ने म्हणजे या माळावर मेंढरं चारणाऱ्या घरातली तिसरी पिढी. झऱ्याला बुडबुडे येऊ लागले. मेंढ्या तोंड लावीनात. दुसरं पाणी बारा मैलांवर.

अनामत जप्त करून मला बुजवा, असा बाईंनी सरकारकडे अर्ज केला. साहेब तपासायला आला आणि त्याला एक नळी दिसली. बाईंचा मेंढपाळ एउसेबियो याने उरल्या गॅसवर कोकरांच्या शेडला ऊब मिळावी म्हणून ती माझ्या तोंडाला जोडली होती. फुकटची ऊब इकडे कोणी सोडत नाही.

साहेब म्हणाला, "ही तर चालू आहे. चालू विहिरीची अनामत जप्त होत नाही, बाई."

"चालू? अहो, त्या फुंकरीवर माझी कॉफीसुद्धा उकळत नाही."

"पण कोकरं शेकतात ना?"

त्याने 'चालू' लिहिलं. पुढची दोन वर्षंही तेच. दर वेळी बाई नळी काढायला निघत आणि एवढा हिवाळा जाऊ दे म्हणून परत फिरत.

यंदा मेंढ्यांनी झऱ्याकडे पाठच फिरवली. बाई पाना घेऊन आल्या. एउसेबियो आडवा झाला. "मालकीणबाई, बर्फ पडतंय. कालचीच कोकरं आहेत."

"कोकरं पुढच्या वर्षी होतील, एउसेबियो. झरा नाही होणार."

नळी सुटली. दोन दिवसांत अकरा कोकरं लाकडासारखी ताठ झाली. एउसेबियोने ती माझ्या पायाशी ओळीने मांडली, साहेबाला दिसावीत म्हणून.

साहेब आला, त्याने ती पाहिली, टोपी काढली. या वेळी 'बेवारस' लिहिलं. मग खाली बघत म्हणाला, "कंपनीच्या साठ विहिरी आहेत, बाई. अनामत सगळ्यांची मिळून एकच. दोन बुजवल्या की संपेल."

"मग ही कितवी?"

तो टोपी घालून गाडीत जाऊन बसला.

मित्रांनो, तुम्ही अंगणात खड्डा खणलात तर आई तुमच्याकडूनच बुजवून घेते. मोठ्यांना ते सांगणारं कोणी नाही. म्हणून मी सांगते. जमीन उघडी टाकून जाऊ नका. तिच्यावर कोणाची तरी तहान असते.

आणि साहेबांनो, कोकरं अजून इथेच आहेत. बाईही इथेच उभ्या आहेत. त्यांनी विचारलंय, मी कितवी?

बोला.