कामछून कुठे गेला

सुकयिंगने चहाघराच्या जिन्यातच केसांतलं पांढऱ्या लोकरीचं फूल काढलं आणि पिशवीत टाकलं. नवऱ्याचं सुतक डोक्यात माळून दुसऱ्यांच्या सकाळच्या चहावर सावट कशाला आणायचं? मग वर जाऊन ती खिडकीजवळच्या नेहमीच्या टेबलाशी बसली.

ताम आधीच आला होता. तीन आठवडे फोशानला लेकीकडे राहून कालच परतलेला. चाळीस वर्षं तो आणि तिचा नवरा कामछून याच टेबलावर रोज भांडत आले होते. तामला फोनवर कळवू नकोस, मी सांगेन, असं तिने मुलाला बजावलं होतं.

"वहिनी, एकट्याच? म्हातारा अजून लोळतोय वाटतं!"

तिने त्याचा पेला भरला. तामने दोन बोटं टेबलावर टकटक वाजवून आभार मानले.

ऐकल्यावर तामही इतरांसारखा आवाज खाली आणील, 'सावरा' म्हणेल, आणि कामछून कायमचा बिचारा होऊन जाईल, याची तिला धास्ती होती. बारा दिवसांत कुणी त्याला एक शिवी दिली नव्हती. तिला तेच सोसवत नव्हतं.

टेबलाभोवतीची एखादी खुर्ची कायमची रिकामी झाली की कामछून तोंडात घास असतानाच म्हणायचा, "गेला खारी अंडी विकायला!" शाम शुई पो वस्तीत सगळेच तसं म्हणतात, मरणाचं नाव चहाबरोबर कोण काढणार? तिला मात्र हे अभद्र बोलणं मुळीच खपत नसे. दर वेळी ती त्याला टेबलाखालून लाथ मारायची.

"बोला की! पुन्हा वाजलं का तुमचं?"

"भाऊजी," ती म्हणाली, "हे गेले. बदकाची खारी अंडी विकायला."

ताम हसायला गेला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

"कधी?"

"बारा दिवस झाले. झोपेतच."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. आता म्हणणार 'सावरा', असं वाटून तिने मान खाली घातली.

"तो कसली अंडी विकतोय!" ताम एकदम खेकसला. त्याचा आवाज मात्र चिरकला. "हावरट कुठला! गिऱ्हाईक येईपर्यंत सगळी स्वतःच गिळून बसेल."

"आणि वर म्हणतील, मीठ कमी पडलंय," सुकयिंग म्हणाली, आणि बारा दिवसांत पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.