विचारणारा साहेब

चंद्रप्पा मुकादमाचं तोंड म्हंजे गटार. लातूरच्या एमआयडीसीतली आमची डाळमिल त्याच्या शिव्यांवरच चालायची. पदर खोचला न्हाई, केस मोकळे दिसले, मशीनजवळ उगं रेंगाळली, की सुरूच झाला. एकदा आरतीला म्हणला, "मरायचंच आसंल तर मुखेडला माहेरी जाऊन मर, माझ्या मिलीत नको!" पोर नळापाशी बसून लई रडली. त्यो मुकादम काम सोडून गेला तवा, खोटं कशाला बोलू, ह्या गुणाबाईनं देवाला नारळ फोडला.

त्याच्या जागी मालकाचा भाचा आला, मृत्युंजय साहेब. पुण्याला शिकलेला. तोंडात साखर! सगळ्यांना ताई म्हणायचा, आमच्यात खाली बसून भाकर खायचा. आन् कायबी करायचं म्हणलं की आधी आम्हाला विचारायचा. पंखा कुठं लावू, जेवणाची सुट्टी कवा करू, तुम्हीच ठरवा. बाया खूश. आरती तर निस्ती हरखली. आमच्याच गल्लीतली सून ती. भाजी कोणती करायची एवढंबी सासू तिला विचारत न्हाई. मला म्हणायची, "मावशी, जन्मात पहिल्यांदा मला कुणी काय विचारायलंय."

मागच्या महिन्यात एका सकाळी हात आत जाऊ नये म्हणून पट्ट्यावर बसवलेली लोखंडी जाळी वाकली आन् घासायली. मशीन बंद केली. साहेबानं आम्हाला गोळा केलं.

"मिस्त्री उद्या येणार. ट्रक दारात उभा आहे, माल आजच भरायचाय. जाळी काढून चालवायचं, की बंद ठेवायचं? माझी जबरदस्ती नाही. तुम्ही ठरवा, ताई."

दारात ट्रक उभा करून विचारायचं, ह्याला काय विचारणं म्हणत्यात व्हय?

"बंद ठेवा, साहेब," म्या म्हणले. बाकीच्या बाया खाली बघायल्या. पट्ट्यावर आरतीची पाळी होती. साहेबानं तिच्याकडं बघितलं.

"चालवू की, साहेब," ती म्हणली. "म्या संभाळते."

"शाब्बास!" साहेबानं टाळ्या वाजवल्या. मग बायांनीबी वाजवल्या.

जेवणाच्या सुट्टीआधीच पट्ट्यानं तिचा उजवा हात ओढला. अडकलेली डाळ काढाया गेली होती. मनगटापासून पुढं काय उरलं न्हाई.

दवाखान्यात ती शुद्धीवर आली तशी म्या तिच्या कानाला लागले. "आरते, पोलीस येईल. सांग, जाळी साहेबानं काढायला लावली. तसं सांगितलं तरच भरपाई मिळंल. न्हाईतर तुला कोण पोसणार, सासू?"

पोलीस जमादार आला तवा साहेब तिच्या उशाशीच उभा. डोळे सुजलेले. खरंच रडला होता मुडदा, नाटक नव्हतं. म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शिव्या देणाराला उलटून शिवी देता येते. ह्याला काय द्यावं?

जमादारानं विचारलं, "जाळी काढून चालवा, असं कोण म्हणलं?"

आरतीनं साहेबाकडं बघितलं.

"म्याच म्हणले. साहेबानं मला विचारलं होतं."

आन् बाई, ते सांगताना पोरीचं तोंड असं उजळलं, असं उजळलं, की भिंतीवर डोकं आपटून घ्यावं वाटलं मला.

"अगं येडे, ट्रक दारात कुणी उभा केला हुता?" म्या ओरडले. जमादारानं मला दटावलं. साहेब निस्तं खाली बघत राहिला.

जबाब लिहून झाला. जमादारानं कागद पुढं धरला. दहावी शिकलेली पोर, सही करायला म्हणून तिनं चादरीतून उजवा हात बाहेर काढला.

जमादारानं मान खाली घातली, आन् तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली.