नववा प्रश्न

थेल्मा पोकॉकने हातातली काठी आधी फाटकापलीकडे टाकली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आता आपल्यालाही पलीकडे जावंच लागणार. फाटक पाच आडव्या दांड्यांचं होतं, नवं कोरं. साखळीला मुठीएवढं कुलूप, आणि कुलपाच्या वर पाटी: खासगी जागा. प्रवेश नाही.

तिने मागे वळून पाहिलं. गावाकडच्या वाटेवर कोणी नव्हतं. बिजागरीच्या बाजूला फाटक कमी हलतं, तिथूनच चढायचं, हे तिला नवऱ्याने शिकवलं होतं. त्या बाजूने ती चढली. चौऱ्याहत्तरावं वर्ष, त्यात कुरकुरणारा उजवा गुडघा. वर पोचल्यावर एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे अशी ती नुसतीच बसून राहिली. आत्ता कोणी पाहिलं तर काय म्हणेल?

तेहतीस वर्षं ती या वाटेने राजरोस चालत आली होती. चोरासारखी आज पहिल्यांदाच शिरत होती.

पाठीवरच्या पिशवीत चहाचा थर्मास होता, चीज आणि लोणच्याचं सँडविच होतं, आणि चार घड्या घातलेला एक फॉर्म होता. तो फॉर्म गेले अकरा दिवस स्वयंपाकघरात ब्रेडच्या डब्याखाली पडून होता. सकाळी शेजारची बेरिल हिलियर दार न वाजवताच आत आली होती. वाट वाचवायला गावाने जी समिती काढली, तिची ती सर्वेसर्वा.

"अगं, सगळ्यांचे आले, एक तुझाच राहिलाय," बेरिल म्हणाली होती. "पाच वाजता वकील येणार न्यायला. तुझ्यावाचून गाडं अडलंय आमचं."

"देते," थेल्मा म्हणाली होती.

"सही करायला काय मुहूर्त लागतो का तुला?"

मुहूर्त नव्हता लागत. नववा प्रश्न आडवा येत होता.

त्या रानाचा मालक वसंतात बदलला. नव्या मालकाने पहिल्याच आठवड्यात फाटकाला कुलूप घातलं, आणि बीच झाडांच्या रानातून वर माळावर जाणारी गावाची वाट एका दिवसात बंद झाली. कायदा मात्र गावाच्या बाजूने होता, एका अटीवर. लोक सलग वीस वर्षं त्या वाटेने चालले असले पाहिजेत: जबरदस्ती न करता, लपूनछपून न जाता, आणि कोणाला न विचारता. खरी मेख त्या शेवटच्या अटीत होती. न विचारता चालला त्याचा हक्क होतो. ज्याने विचारलं तो जन्मभर पाहुणा. आणि गावात सलग वीस वर्षं राहून या वाटेने चाललेली माणसं आता उरली होती किती? बाकीचे आले-गेले, कोणाची सात वर्षं, कोणाची अकरा. अखंड वीस भरत होती ती एकट्या थेल्माची.

नववा प्रश्न असा होता: या वाटेने जाण्यासाठी आपण, किंवा आपल्या वतीने कोणी, कधी परवानगी मागितली होती काय? पुढे दोन चौकोन. हो. नाही.

रानात पानांचा खच पडला होता. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत बुडत होतं, आणि आवाज इतका होत होता की थेल्माला वाटलं, आपण सगळ्या रानाला ओरडून सांगतोय. एक तितर पायाशीच फडफडून उडालं तेव्हा ती चक्क थांबून "माफ करा" म्हणाली. मग स्वतःचीच तिला लाज वाटली.

हा धाक जुना होता. ती सात वर्षांची असताना बापाबरोबर कोणा बड्या जमीनदाराच्या रानात सरपण वेचायला गेली होती. रखवालदाराने धरलं. तिच्यादेखत त्याने बापाला मोळी सोडायला लावली, एकेक काटकी पुन्हा जमिनीवर टाकायला लावली, आणि टोपी काढून माफी मागायला लावली. बाप घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. लग्नानंतर पंधरा वर्षांनी ती आणि क्लिफर्ड या गावात राहायला आले. वर माळावर हजारो वर्षांचे दगड पडलेत, ते बघायला चल, असं तो म्हणाला, तेव्हा तिने दारातच पाय रोवला होता.

"कोणाची जमीन आहे ती?"

"फ्रॅम्प्टन म्हणून एक म्हातारा आहे."

"मग त्याला विचारून ये. विचारल्याशिवाय मी पाऊल टाकायची नाही."

विचारणं हे तर क्लिफर्डचं कामच होतं. तो विजेचे मीटर वाचायचा. दिवसाला साठ दारं ठोठवायची, आणि प्रत्येक ठिकाणी म्हणायचं, आत येऊ का? ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला तो नव्हता. त्याच संध्याकाळी तो फ्रॅम्प्टनच्या वाड्यावर जाऊन आला.

"हो म्हणाला म्हातारा," बूट काढता काढता त्याने सांगितलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी ही वाट. आणि दर नाताळला थेल्मा कुंपणावरची तुरट निळी फळं जिन या दारूत साखर घालून मुरवायची, आणि एक बाटली क्लिफर्डच्या हाती फ्रॅम्प्टनकडे पाठवायची. उपकाराची फेड म्हणून. बाटली पोचली, आभार सांगितलेत, असा निरोप यायचा. एका वर्षी निरोप आला, "जरा गोड झालीय, पण गारठ्यात चालून जाते." तेव्हापासून ती साखर दोन चमचे कमी घालू लागली. फ्रॅम्प्टनशी ती स्वतः कधी बोलली नाही. कधीमधी तो ट्रॅक्टरवर दिसायचा. तिने हात केला की तोंड फिरवायचा. बुजरा असेल बिचारा, असं तिला वाटायचं.

फ्रॅम्प्टन गेल्या जानेवारीत गेला. क्लिफर्ड गेल्या फेब्रुवारीत. परवानगीची गोष्ट आता जगात एकट्या थेल्माला माहीत होती.

रान संपलं आणि माळ लागला. वर धुकं होतं. गवतात दूरवर ते दगड पसरले होते, राखाडी, पाठी वर काढलेले. गावात त्यांना मेंढेच म्हणतात, आणि धुक्यात नवखा माणूस हमखास फसतो. क्लिफर्डचा एक ठरलेला दगड होता. त्याच्या माथ्यावर हाताएवढ्या पाच खोबणी, आरशासारख्या गुळगुळीत. कोण्या काळी लोकांनी इथे दगडी कुऱ्हाडी घासल्या होत्या. क्लिफर्ड आला की बोटांच्या पेरांनी त्या दगडावर दोनदा टकटक करायचा आणि विचारायचा, "बसू का?" थेल्मा दरवेळी हसायची.

आज ती न विचारताच बसली. दगड ओला होता. तिने चहा ओतला, पण प्याली नाही. फॉर्म मांडीवर उलगडला आणि पेनचं टोपण काढलं.

नाही म्हणायला काय जातं? दोघंही मातीत गेले. कोण येतंय सांगायला? पण खाली छापलं होतं, वरील मजकूर सत्य आहे, आणि त्याखाली तिला सही करायची होती. तिला खोटं जमलं नसतं. वकिलाने पहिला प्रश्न विचारला असता आणि तिचे कान लाल झाले असते.

आणि हो म्हटलं तर वाट गेली. एकाने परवानगी मागितली म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं की ही मेहरबानी आहे, असं समोरचा वकील म्हणणार. बेरिलची नातवंडं वाटेविना राहतील ते राहतीलच, पण लोक क्लिफर्डचं नाव घेतील. त्याच्या मयतीला सत्तर माणसं आली होती, चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. तीच माणसं म्हणतील, पोकॉकच्या अतिशहाण्या सभ्यपणाने वाट घालवली. आणि त्याला विचारायला धाडलं होतं कोणी? तिने. ते कोणी म्हणणार नाही. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

तिने पेन 'हो'च्या चौकोनावर टेकवलं. शाईचा ठिपका उमटला.

तेवढ्यात पलीकडचा एक मेंढा भुंकला.

त्या दगडामागून कुत्रा आला आणि कुत्र्यामागून अल्बी स्मॉलबोन. चाळीस वर्षं तो फ्रॅम्प्टनची मेंढरं राखत होता, आणि आता नव्या मालकाची राखतो. थेल्मा दचकून उठली. चहा सांडला.

"बसा, बसा, पोकॉकबाई," अल्बी म्हणाला. "मी काही पोलीस नाही. फाटकावरून आलात? या वयात?"

"मग काय उडून येऊ?"

"चंदूल पक्षी येतात तसे." तो हसला, आणि मग फॉर्मकडे पाहून त्याने टोपी मागे सरकवली. "तो कागद होय? सगळं गाव त्याच्यापायी वेडं झालंय."

"भरतेय," थेल्मा म्हणाली. "खरं तेच लिहिणार आहे. क्लिफर्डने फ्रॅम्प्टनना विचारलं होतं, तसं लिहिणार."

अल्बीने कुत्र्याच्या मानेतला एक काटा काढला. मग दुसरा शोधू लागला.

"काही म्हणायचंय का तुम्हाला?"

"मला कशाला मध्ये घेता? मी नव्या मालकाचं मीठ खातो." त्याने काटा गवतात टाकला. "यंदा नाताळला बाटली नाही, असं दिसतंय."

"कुठली बाटली?"

"निळी जिन हो. जरा गोड असायची. पण गारठ्यात चालून जायची."

थेल्माने हातातला कप दगडावर ठेवला. तो नीट बसला नाही, कलंडला, आणि गवतात घरंगळला. तिने उचलला नाही.

"ती फ्रॅम्प्टनसाठी होती," ती म्हणाली.

"फ्रॅम्प्टन? त्याने आयुष्यात चहाखेरीज काही तोंडाला लावलं नाही. दारू पाप मानणाऱ्या चॅपलचा कट्टर माणूस." आता अल्बीने तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्हाला सांगितलं नव्हतं त्यांनी? मला वाटलं, एव्हाना सांगितलं असेल."

"काय सांगायचं होतं?"

"आले होते तुमचे यजमान, पहिल्या वर्षी. अंगणातून दारापर्यंत गेले. ठोठवायला हातही वर केला होता. आत म्हातारा कोणावर तरी डाफरत होता. त्याचं ठरलेलं होतं: विचारणाऱ्याला नाही म्हणायचं, आणि न विचारता जाईल त्याच्याकडे बघायचं नाही. मी गोठ्यातून खूण केली, नका ठोठवू. ठोठवलंत की संपलं. तर म्हणाले, माझी बायको विचारल्याशिवाय येत नाही, आणि मला तिला ते दगड दाखवायचेत. उभे राहिले तिथेच बराच वेळ. मग हात खाली घेतला आणि गेले. नाताळात बाटली घेऊन पुन्हा हजर! म्हणाले, आता ही कुठे ओतू? मी म्हटलं, ओतता कशाला?"

थेल्माने काठी घट्ट धरली.

"बत्तीस बाटल्या," अल्बी म्हणाला. "रिकाम्या आहेत अजून. रंगाचे ब्रश भिजवतो."

तेहतीस वर्षं. दर नाताळला बाटली कागदात गुंडाळून न्यायचा, आणि परत येऊन निरोप सांगायचा. जरा गोड झालीय म्हणाले. लबाड कुठला! तिला इतका संताप आला की क्लिफर्ड समोर असता तर तिने त्याला काठीने बदडलं असतं. मग तिला तो अंगणात दिसला, दारासमोर, हात वर केलेला, आणि त्या हाताचं काय करावं हे कळत नसलेला. साठ दारं रोज ठोठवणारा माणूस. ती पुन्हा दगडावर बसली, आणि हसली की रडली हे अल्बीला कळू नये म्हणून तिने रुमाल तोंडावर धरला.

"वाईट वाटून घेऊ नका," अल्बी म्हणाला.

"घेणार," थेल्मा म्हणाली. "घरी गेल्यावर नीट घेणार."

तिने फॉर्म दगडावर पसरला, एका गुळगुळीत खोबणीत, आणि 'नाही'च्या चौकोनात खूण केली. हात इतका दाबला गेला की पेनचं टोक कागदातून आरपार गेलं. खाली सही केली.

परतताना अल्बी फाटकापर्यंत बरोबर आला. फाटकाशी त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला.

"थांबा, उघडतो. गुडघ्याची कशाला परीक्षा?"

"नको."

"अहो, किल्ली आहे माझ्याकडे."

"म्हणूनच नको. तुम्ही उघडलंत की तुम्ही मला जाऊ दिलं असं होतं. मी विचारलेलं नाही."

अल्बीने जुडगा परत खिशात टाकला. मग जुन्या सवयीने, फ्रॅम्प्टनच्या पदरी चाळीस वर्षं काढलेल्या माणसाने करावं तसं, त्याने झाडांकडे तोंड फिरवलं.

"इकडे बघा, अल्बी," थेल्मा म्हणाली. "चांगलं डोळे उघडून बघा. मालकाने विचारलं तर सांगा, पोकॉकबाई दिवसाढवळ्या गेल्या."

तो वळला आणि बघत उभा राहिला. थेल्माने बिजागरीकडची दांडी धरली, आणि काठी आधी पलीकडे टाकली.