जवस, जावई आणि जिल्हा

माझे आजोबा रघुनाथराव, वय शहात्तर, मुक्काम मोहगाव, यांना स्मरणशक्तीच्या चाचणीत तीसपैकी एकतीस गुण मिळाले.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही. मीही लिहिलं नाही. चाचणी व्हायची आहे, आबाजी सध्या नापास आहेत, आणि त्यांच्या लुनाची चावी माझ्या बाबांनी घरात कुठेतरी लपवून ठेवली आहे. इथून सुरू करू.

नोव्हेंबरात आबाजी लुना घेऊन सौंसरला गेले. बसस्टँडवर चहा प्यायले. समोर मोहगावची बस लागलेली दिसली, खिडकीजवळची जागाही रिकामी होती, म्हणून बसले आणि घरी आले. संध्याकाळी अंगणात लुना नाही हे पाहून त्यांनी ती चोरीला गेल्याचं जाहीर केलं. गल्लीतल्या तिघांवर त्यांचा संशय होता. त्यातला एक वारून दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी लुना बसस्टँडवरच सापडली. चहावाल्यानं तिच्यावर फडकी वाळत घातली होती.

बाबांनी चावी काढून घेतली. "आता बस झालं, आबाजी. उद्या लुनाच्या जागी तुम्ही स्वतःले कुठं विसरून आले, तं मी कुठं शोधू?"

वरवर पाहिलं तर ही एका जुन्या लुनाची चावी. पण आबाजी तिच्यावर रोज सकाळी संत्र्याच्या बागेत जायचे, आणि दर सोमवारी आजी मागे बसून सौंसरला, तिच्या बहिणीकडे, चंद्रकलाबाईंकडे जायची. पन्नास वर्षांच्या संसारात त्या दोघांनी जे काही एकमेकांशी बोलून घेतलं, ते या लुनावर. कारण घरी आजी बोलते आणि आबाजींना ऐकू येत नाही. लुनावर निदान दोघांनाही ऐकू येत नाही. चावी गेली तसे आबाजी अंगणात खुर्ची टाकून लुनाकडे बघत बसायला लागले. पोळीचा घास हातात धरून विसरायला लागले. हे मात्र मला विनोदी वाटलं नाही.

डिसेंबरात सौंसरच्या एका मंगल कार्यालयात ज्येष्ठांसाठी शिबिर होतं. डॉक्टर उर्मिला म्हणून एक तरुण बाई स्मरणशक्ती तपासत होत्या. बाबांनी तिथेच अट घातली, "तीसपैकी सव्वीस आणा, चावी घ्या."

डॉक्टरांनी आबाजींना तीन शब्द सांगितले आणि म्हणाल्या, थोड्या वेळानं विचारीन. मग तारीख विचारली. एका दिवसानं चुकली. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आबाजींनी दोनदा केले आणि म्हणाले, "बाकीचे तुमच्याजवळ ठेवा." मग विचारलं, "जिल्हा कोणता?"

"छिंदवाडा," आबाजी ठणकावून म्हणाले. हे एकच उत्तर त्यांना शंभर टक्के माहीत होतं.

चूक. दोन हजार तेवीसला छिंदवाडा जिल्हा तोडून नवा केला, तेव्हापासून आमचा जिल्हा पांढुर्णा. आबाजींनी त्र्याहत्तर वर्षं छिंदवाडा जिल्ह्यात काढली होती. जागचे न हलता ते दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेले, आणि हे त्यांना कोणी मनावर घेऊन सांगितलं नव्हतं.

"आता ते तीन शब्द सांगा."

"सायली, पीठ, वकील."

डॉक्टरांनी कागद पाहिला. शब्द होते सायकल, मीठ, कंदील. तिन्ही चूक. एकूण बावीस.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "हा आजार आहे असं मी म्हणत नाही. पण बीपी वाढलेलं आहे. गोळी रोज घेता?"

"चक्कर आली का घेतो."

"तंबाखूचा खर्रा?"

"चक्कर नाही आली का घेतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गोळी रोज, खर्रा बंद, मीठ-गोड कमी, रोज पायी चालणं, वेळेवर झोप, माणसांत जाणं, डोक्याला नवं काम देणं, एवढं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. "यानं विसरणं थांबेलच अशी गॅरंटी कोणी देत नाही. पण यानं मदत होते. मार्चमध्ये मी पांढुर्ण्याला आहे. तिथं या."

घरी आल्यावर आबाजी लुनाजवळ गेले आणि तिच्या सीटवर हात ठेवून म्हणाले, "मार्च."

आता सुखदेवकाका. हे आबाजींचे मित्र, टपाल खात्यातून निवृत्त पोस्टमन, बौद्धपुऱ्यात राहतात. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी सायकल घेऊन हजर. "रघुनाथभाऊ, मी सदतीस वर्षं रोज चाललो आणि नावं पाठ केली. मले काय झालं? काही नाही. तुम्ही टपाल वाटा."

"आता टपाल कोण पाठवते बावा?"

"तोंडी. निरोप घ्यायचा, डोक्यात ठेवायचा, पायी जाऊन सांगायचा. लिहायचं नाही. फोन करायचा नाही. उत्तर आणायचं."

पहिला निरोप सुखदेवकाकांच्या बायकोनं, इंदूकाकूंनी, माझ्या आजीसाठी दिला: देवकाबाईंना सांगा, चटणीसाठी जवस पाठवा. आबाजी सगळ्या रस्त्याने ओठ हलवत घरी आले. आजीसमोर उभे राहून, खाकी नसलेल्या सदऱ्याची खाकी असल्यासारखी कॉलर नीट करून म्हणाले, "इंदूनं जावई मागितला आहे."

आजी भाजी निवडत होती. तिनं मान वर केली. "कायले?"

"चटणीसाठी."

आजीनं क्षणभर विचार केला. शेजारधर्म मोठा आहे. "त्यांना म्हणा, आमचा जावई भोपाळले असते. दिवाळीत येते, तवा पाठवतो."

हे उत्तर आबाजींनी अर्धा किलोमीटर चालत जाऊन अक्षर न अक्षर बरोबर पोहोचवलं. इंदूकाकूंनी मला फोन केला. "चंचल, मी जवस मागितलं होतं. तुमच्याकडे सगळं ठीक आहे नं?"

मी फोन ठेवला आणि तशीच अंगणात पळत आले. "आजी! उत्तर बरोबर पोचलं!"

"मंग?"

"अवं, तू ओरडून बोलतेस! इंदूकाकू हळू बोलतात! जवसाचा जावई झाला! सायकलची सायली झाली! आबाजी विसरले नाहीत. त्यांनी ऐकलंच तसं!"

आबाजी खुर्चीवरून म्हणाले, "सायली, पीठ, वकील. आजही पाठ आहे."

आम्ही दुसऱ्या दिवशी नागपूरच्या बसमध्ये. कान तपासला. डावा बरा, उजवा नावापुरता. उजव्या कानात यंत्र बसवलं, आणि परतीच्या बसमध्ये आबाजी प्रत्येक आवाजावर दचकून खूश होत होते. "हे काय वाजून राहिलं?" इंडिकेटर, आबाजी. "आणि हे?" तुमची पिशवी. घरी पोहोचल्यावर आजी चुलीकडे तोंड करून नेहमीसारखं पुटपुटली. आबाजी दारातच थांबले.

"देवका, हे तू किती वर्षांपासून म्हणून राहिली?"

आजीच्या हातातला झारा थांबला. "तीस."

"बरोबर आहे तुझं," आबाजी म्हणाले आणि पाय धुवायला गेले. आजीनं त्या दिवशी शिरा केला. मग पथ्य आठवलं म्हणून स्वतःच अर्धा परत घेतला.

जानेवारीत तोंडी टपालानं मोहगावात जोर धरला. कोणाचाच फोन बंद नव्हता, रेंज होती, तरी लोक निरोप घेऊन थांबायला लागले. आबाजी सकाळी गोळी घेऊन निघत. गोळी घेतल्याशिवाय टपाल सुटायचं नाही असा सुखदेवकाकांचा नियम होता. खर्र्याच्या पुडीच्या जागी खिशात बडीशेप. पहिले आठ दिवस ते इतके चिडचिडे होते, की त्यांनी एका वासराला निरोप दिला आणि उत्तरासाठी थांबले.

खरी धमाल गिरणीवाल्या दत्तात्रयाची. त्याचा सख्खा भाऊ पंकज याचं सलून गिरणीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. दोघं सहा वर्षांपासून बोलत नव्हते. दत्तात्रयानं आबाजींना थांबवलं. "त्याले म्हणा, तुझा टेबलफॅन माझ्याजवळ आहे."

आबाजी रस्ता ओलांडून गेले. पंकजनं हातातला वस्तरा तसाच धरून ऐकलं. गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालाला फेस. "त्याले म्हणा, ठेव. मी दुसरा घेतला."

"त्याले म्हणा, कवा घेतला?"

"त्याले म्हणा, तुले काय करायचं?"

"त्याले म्हणा, मी मोठा आहे. विचारीन."

दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. तरी दोघं आबाजींकडेच बघून बोलत. बाहेर गर्दी जमली. अर्ध्या दाढीचा माणूसही बाहेर आला. "चौदा!" कोणीतरी फेऱ्या मोजत ओरडलं. पंधराव्या वेळी आबाजी रस्त्याच्या मधोमध थांबले.

"आता टपाल बंद. डॉक्टरीणबाईनं चाला म्हटलं आहे, मरा नाही म्हटलं. उरलेलं तुमचं तुम्ही बोला."

दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी पंकज म्हणाला, "पंखा चालते का?"

"आवाज करते," दत्तात्रय म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबाजींना त्या रात्री नऊला झोप लागली ती थेट पाचला मोडली.

एकच गोष्ट सुधारत नव्हती. रोज सकाळी सुखदेवकाका विचारायचे, "भाऊ, जिल्हा?"

"छिं—"

"भाऊ!"

"पांढुर्णा, पांढुर्णा. तोंड आपोआप तिकडे जाते. तू सांग, तुझं नाही जात?"

सुखदेवकाका सायकलला टेकले. "मी लाखभर पत्रांवर छिंदवाडा वाचलं. जिल्हा बदलला. डोळा नाही बदलला."

मार्चमध्ये पांढुर्णा. बसमध्ये आबाजी, बाबा, मी, आणि सोडायला आलेले सुखदेवकाका, जे उतरायचं विसरले. बाबांनी रस्त्यात पुन्हा बजावलं, "सव्वीस, आबाजी. पंचवीस नाही."

डॉक्टर उर्मिलांनी यावेळी वेगळे तीन शब्द दिले. आबाजींनी यंत्र ठीक केलं आणि ऐकले. तारीख बरोबर. वार बरोबर. सात वजा करता करता ते दोनापर्यंत गेले आणि विचारलं, "खाली जाऊ?" घड्याळ काढलं, काटे जागेवर. तीन शब्द सांगितले: कुलूप, पेरू, छत्री. "मागचे पण देऊ? सायकल, मीठ, कंदील. मले ऐकू आले होते तेही देऊ? सायली—"

"पुरे," डॉक्टर हसल्या. "जिल्हा कोणता?"

आबाजींनी तोंड उघडलं. ओठांचा आकार मला दिसला. तो छ चा होता. सुखदेवकाकांनी डोळे मिटले. बाबा खुर्चीच्या कडेला आले. खोलीत पंखा फिरत होता.

आबाजींनी तोंड मिटलं. डॉक्टरांच्या समोरच्या कागदावर बोट ठेवलं.

"बाई, मी पांढुर्णा जिल्ह्यात राहतो. पण तुमच्या फारमावर छापलं आहे, जिल्हा छिंदवाडा. तुम्ही बदलायचं विसरल्या."

डॉक्टरांनी कागद उलटा केला, सुलटा केला. जुन्या गठ्ठ्यातला होता. त्यांनी आबाजींकडे पाहिलं, मग हसू दाबत शेवटच्या रकान्यात लिहिलं. तीस. त्याच्यापुढे अधिक एक, आणि सही.

"हे चालते का?" बाबा म्हणाले.

"हा एक गुण माझ्यातून कापला आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "लुना दिवसा, गावापुरती आणि सौंसरपर्यंत, हेल्मेट घालून. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. आणि लुना आली म्हणून चालणं सोडायचं नाही."

"टपाल कोण वाटंन मंग?" आबाजी म्हणाले.

घरी आलो तर आजी नवं लुगडं नेसून दारात. सोमवार होता. बाबा चावी आणायला आत गेले. पाच मिनिटं झाली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग डबे, मग पलंग सरकवल्याचा. बाबा घाम पुसत बाहेर आले.

"कुठं ठेवली ते... सध्या आठवून नाही राहिलं."

आबाजींनी त्यांना बसायला स्वतःची खुर्ची पुढे केली. हे जास्त लागलं त्यांना.

"पहिले गव्हाच्या कोठीत ठेवली," आबाजी शांतपणे म्हणाले. "संक्रांतीले काढून माझ्याच औषधाच्या डब्यामागं ठेवली. पंधरा दिवसांपासून तुझ्या जुन्या बुटात आहे. डाव्या."

चावी डाव्या बुटात होती.

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तुम्हाले माहीत होतं? मंग घेतली काऊन नाही?"

"परीक्षेत नक्कल नाही करत मी."

लुना तिसऱ्या लाथेला सुरू झाली. आजी मागे बसली आणि लगेच बोलायला लागली. आबाजींनी हेल्मेट घालण्याआधी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, मग थोडा विचार केला, परत कानात घातलं आणि वर हेल्मेट चढवलं. गल्लीच्या वळणापर्यंत आजीचा आवाज येत होता, आणि पहिल्यांदाच मध्ये मध्ये आबाजींचं होकाराचं "हाव" असंही ऐकू येत होतं.

संध्याकाळी ते दोघं परत आले, लुनासकट. तेव्हा सुखदेवकाका ओट्यावर वाटच बघत बसले होते. आबाजींनी सांगितलं, मी लिहिलं, खाली दोघांनी सह्या केल्या:

प्रति, मा. जिल्हाधिकारी महोदय, जिल्हा छिंदवाडा (खोडले) पांढुर्णा. विषय: जिल्हा बदलण्याची पूर्वसूचना मिळण्याबाबत. महोदय, यापुढे आमचा जिल्हा बदलायचा ठरल्यास सत्तर वर्षांवरील प्रत्येक रहिवाशास किमान तीन महिने अगोदर, आपण स्वतः पायी घरी येऊन, डाव्या कानाकडून, मोठ्याने, तीन वेळा कळवावे, व उत्तर घेऊन पायीच परत जावे, ही नम्र विनंती. निघण्यापूर्वी आपली बीपीची गोळी घ्यावी.